गोड्या पाण्याने धुतले

बादली भरून वाहू लागली तेव्हा मी फोन कानाला लावून उभा होतो, आणि माझं ‘हो’ म्हणून झालं होतं. पाणी मोरीच्या कट्ट्यावरून उतरून माझ्या पायांवर आलं. नळ बंद करायला हवा हे कळत होतं, पण फोनवर बोलताना दुसरं काही करणं मला कधी जमलेलं नाही. रोह्याच्या या दोन खोल्यांत मला फोन तरी कितीसे येतात! आला की मी उभा राहतो, जणू समोरचा माणूस दारात आला आहे. नमिता, विमान तपासायला आलेली इंजिनिअर, म्हणाली होती, “काका, धरमतरहून बोलतेय. एकच विचारायचं होतं. निगेच्या वहीत तुमच्या नोंदी आहेत, गोड्या पाण्याने धुतले, गोड्या पाण्याने धुतले, पानंच्या पानं. हे धुणं तुम्ही स्वतः उभं राहून बघायचात ना?” मी हो म्हणालो. “मग झालं,” ती म्हणाली. “मग मला पायांचे जोड उघडायला नकोत. दोन आठवडे वाचवलेत तुम्ही माझे. उद्या सकाळच्या भरतीला उडवून बघतो. पायलट आणि मी.” फोन ठेवला गेला. नळ वाहतच होता. मी खोटं बोललो नव्हतो. मी खरंच उभं राहून बघायचो. फक्त मी काय बघायचो, ते तिने विचारलं नव्हतं.

नळ बंद केला, पाय पुसले, खुर्चीवर बसलो. समोर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा पडला होता. महिन्यापूर्वी डोळा केला तेव्हापासून मी धरमतरला जाणं सोडलं होतं, आणि मनात कुठेतरी असं धरून बसलो होतो की, मी जात नाही म्हणजे ती गोष्टही आता घडत नाही. असं मी आयुष्यभर करत आलो आहे. नजरेआड केलेलं पुस्तक परत आलं असं समजायचं. सदतीस वर्षं मी रोह्याच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. तिथे एका वाचकाने एक जाडजूड नकाशासंग्रह नेला होता, तो परत आला नाही. मागायला त्याच्या घरापर्यंत गेलोही, पण दारात त्याची मुलं तो संग्रह जमिनीवर पसरून त्यावर पालथी पडलेली दिसली आणि मी तसाच मागे फिरलो. पुढची अकरा वर्षं, दर मोजणीला, मी त्याच्या नोंदक्रमांकापुढे ‘वाचनात’ असं लिहिलं. कुणी विचारलं नाही. कागदावर नीट अक्षरात लिहिलं की गोष्ट मिटते, हे मी तिथे शिकलो असेन. कदाचित ते आधीच माझ्यात असेल आणि वाचनालयाने त्याला फक्त टेबल-खुर्ची दिली असेल.

विमान माझ्या पुतण्याने, अनयने आणलं. कॅनडातून, कंटेनरमध्ये, पंख वेगळे आणि धड वेगळं. मुंबईच्या पर्यटकांना खाडीवरून समुद्रावर फिरवून आणायचं, असं त्याच्या डोक्यात होतं. बार्ज लागतात त्या धक्क्यांच्या थोडं वर, खाडीत उतरणाऱ्या सिमेंटच्या उतारावर ते जोडलं गेलं. एका इंजिनाचं, १९५६ साली बनलेलं, चाकांच्या जागी, पायांसारख्या दांड्यांनी जोडलेल्या, दोन लांब पोकळ होड्या असलेलं. त्याच्यासोबत पत्र्याच्या पेटीत सात वह्या आल्या होत्या. पहिल्या दिवसापासून त्याला काय झालं, काय बदललं, कोण बसलं, काय वाहिलं, सगळं त्यांत होतं. अनय म्हणाला, “काका, तुम्ही पुस्तकांतली माणसं. याचा इतिहास लिहून काढा ना. पर्यटकांना द्यायला छान पुस्तिका होईल. आणि रोजची निगेची वही पण ठेवा, तुमचं अक्षर छापल्यासारखं आहे.” बाहत्तराव्या वर्षी कुणाला आपली गरज आहे हे ऐकून मी लाजलो आणि कबूल झालो.

त्या सात वह्या मी कशा वाचल्या ते सांगता येणार नाही. तिथल्या उत्तरेकडे म्हणे रस्ते नाहीत, नुसती तळी आहेत, आणि अशी विमानं एका तळ्यावरून उडून दुसऱ्यावर उतरतात. टपाल, रॉकेलची पिंपं, मासे, परिचारिका, एकदा एका म्हाताऱ्याचं प्रेत. ‘१९६१, सप्टेंबर. डाव्या होडीच्या तिसऱ्या कप्प्यातून पंपाचे अकरा दट्टे पाणी निघाले. काल आठ होते. लक्ष ठेवणे.’ ‘१९६४. जाताना दोन पोती बटाटे, एक गरोदर बाई. परत येताना एक माणूस जास्त.’ आणि १९७० च्या उन्हाळ्यात एक नोंद होती, ती मी तोंडपाठ केली होती: ‘धक्क्याला आपटले. उजव्या होडीला पोचा. वारा नव्हता. चूक माझी.’ खाली आकड्यासारखी वळलेली एक सही. कोण असेल तो माणूस? नोकरी जाण्याची भीती त्याला वाटली नसेल? वाऱ्यावर ढकलायला काय हरकत होती, तिथे बघायला होतं कोण? मी त्या सहीवर बोट ठेवून बसायचो. पन्नास वर्षं त्या विमानाने नुसत्या गोड्या पाण्यात काढली होती. खाऱ्या पाण्याची त्याला ओळखच नव्हती. ते जोडून देणारा इंजिनिअर जाताना आमच्या नव्या वहीच्या पहिल्या पानावर मला एक वाक्य लिहायला सांगून गेला: इथली हवाही खारी, म्हणून खाडीत उतरले नसले तरी दिवसाआड हजार लिटर गोड्या पाण्याने धुणे, जोडांतून ठिबकणारा थेंब जिभेला खारा लागत असेल तोवर धुणे थांबवू नये.

गोडं पाणी. हे शब्द मी किती सहज लिहिले! मी मूळचा पेणचा. पाण्यासाठी खाडीकाठच्या खारेपाटातल्या बायका कुठवर जातात ते लहानपणापासून ठाऊक असलेला. धक्क्यामागच्या वस्तीत नळ होता, त्याला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं, तेही तासभर. आणि वस्तीच्या नाकासमोर विमानासाठी काळी टाकी बसवली गेली, तिच्यात दिवसाआड टँकर रिकामा होऊ लागला. धुण्याच्या कामावर काळुराम होता. त्याच्या घराण्याची मिठागरं बंद पडली होती. उंच, वाळलेला, पायांच्या टाचा मिठाने कायमच्या पांढऱ्या झालेला माणूस. त्याची बायको जनी विमानाला सूनबाई म्हणायची. “गोरी सून आनली हो अनयशेटनी! हिला दिवसाआड आंघोल, नि आमाला आठवड्याला तोंड धुवाया नाय.” बायका हसायच्या. मीही हसल्यासारखं करायचो.

पहिल्या आठवड्यातच मी ते बघितलं. दुपारी चारच्या सुमाराला कंटेनरच्या कचेरीतून बाहेर आलो, तर टाकीच्या नळाखाली हंड्यांची रांग होती. जनी, तिची धाकटी जाऊ पूजा, आणखी सात-आठ जणी. काळुराम बादलीभर पाण्यात फडकं बुडवून विमान पुसत होता. मला बघून बायका थांबल्या. कुणी पळालं नाही, कुणी हंडा लपवला नाही, फक्त सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या. नळ चालूच होता आणि भरलेल्या हंड्यावरून पाणी वाहत होतं. काळुराम जवळ आला. हळू आवाजात म्हणाला, “काका, घाबरू नका. मी मिठागरातला मानूस. मीठ लपत नाय कधी. ते वर येतं, दिसतं. दिसलं की मी पुसतो. दिसत नाय तिथं नाय.” मग जरा थांबून म्हणाला, “लिवा, काका. धुतलं.” मी आत गेलो आणि लिहिलं. जनीने पेलाभर पाणी आणून टेबलावर ठेवलं. थंड होतं. ते मी प्यायलो.

मी दया केली असं मला म्हणता येणार नाही. म्हणायला आवडलं असतं, पण खोटं होईल. त्या क्षणी मला दिसली होती आमच्या पेणच्या घराची मागची पडवी आणि माझी आई, आनंदीबाई. आमच्या खाजणाच्या बांधावर काम करणारी माणसं दुपारी मागच्या दाराशी यायची. पायरीखाली उकिडवी बसायची, दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरायची, आणि आई पायरीवर उभी राहून तांब्याने वरून धार सोडायची. खूप वरून. हाताला तांब्या लागता कामा नये इतक्या वरून. अर्धं पाणी कोपरांवरून खाली जायचं. त्यांतला एक माणूस काळुरामचा बाप होता. हे मला काळुरामनेच सांगितलं, अगदी कौतुकाने. “तुमच्या आईसायबांच्या हातचं पानी पेलेला हाय माझा बापूस.” मी मान खाली घातली. तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, पुस्तक वाचत झोपाळ्यावर बसलेला असायचो, आणि पाण्याचा तो आवाज आला की पान उलटायचो. त्या माणसाच्या सुनेला मी नळाखालून हंडा काढ म्हणणार होतो? मला लाज वाटली, इतकंच. लाजेपोटी केलेल्या गोष्टीला चांगुलपणाचं नाव देऊ नये. आणि खरं सांगायचं तर भीतीही होती. आठ बायकांसमोर आवाज चढवायची भीती.

तीनशे सात नोंदी झाल्या. प्रत्येकीखाली माझी सही. मधूनमधून मी धीर करून काळुरामला म्हणायचो, “अरे, जोडांत तरी मार जरा पाण्याची धार.” तो “व्हय काका” म्हणायचा आणि एखादी बादली मारायचा. विमान चमकत होतं. दोन वर्षं परवानग्यांमध्ये गेली. मधेच कधी ते खाडीत उतरवायचे, धक्क्यापर्यंत फिरवायचे, पुन्हा वर ओढायचे. ते उडणारच नाही असं मी धरून चाललो होतो. अनयच्या बऱ्याच गोष्टी अशाच राहतात. परवानगी येईल, एक तपासनीस इंजिनिअर येईल, ती तिशीतली, पेणच्या गणपती-कारखान्यातली मुलगी असेल, आणि माझ्या सहीवर विसंबून त्या विमानात बसेल, हे माझ्या कल्पनेत कधी आलं नाही. माझी कल्पनाशक्ती पुस्तकांपुरतीच आहे.

खुर्चीत बसून मी दोनदा फोन उचलला. नंबर लावला आणि वाजायच्या आत बंद केला. फोनवर मी काय बोलेन ते मला ठाऊक होतं. ती ‘हॅलो काका’ म्हणेल आणि मी म्हणेन, सहज केला, जेवलात का. शेवटी पिशवीत काळा चष्मा आणि डोळ्यात घालायचे थेंब टाकून स्टेशनवर गेलो. दुपारची गाडी जवळजवळ रिकामी होती. खिडकीशी बसलो. निडी आलं. फलाटावर एक माणूस सायकल धरून उभा होता, गाडीत चढायचं नव्हतं त्याला, नुसता बघत होता. गाडी सुटली. निडीला उतरून परतीच्या गाडीने घरी जावं असं मला वाटलं, तेव्हा निडी मागे पडलं होतं. नागोठण्याला तेच वाटलं. मी नक्की काय सांगणार? की मी दोन वर्षं खोटं लिहिलं? मग ती विचारेल, का? आणि मी सांगेन, पाणी वस्तीने नेलं. म्हणजे काळुरामची नोकरी जाणार. म्हणजे टाकीला कुलूप लागणार. आणि नाही सांगितलं, आणि विमान सुखरूप उडून सुखरूप उतरलं, तर? काळुराम म्हणतो तसं मीठ लपत नसेल तर? त्याचं सगळं आयुष्य मिठात गेलं. मी कोण त्याच्यावर अविश्वास दाखवणारा, ज्याने मीठ फक्त ताटात पाहिलं? पण वहीतलं ते वाक्य आठवायचं. काल आठ होते, आज अकरा. लक्ष ठेवणे. तीन दट्टे पाणी जास्त निघालं म्हणून लक्ष ठेवणारी ती माणसं. कासूला गाडी बराच वेळ थांबली. सिग्नल नव्हता. पलीकडे खाजणात पाणी चकाकत होतं आणि नव्या डोळ्याने ते मला इतकं स्पष्ट दिसत होतं की बघवेना. मी चष्मा घातला. चष्म्यामागे नमिताचा चेहरा आणायचा प्रयत्न केला. तिला एकदाच भेटलो होतो, डोळा करण्याच्या आदल्या आठवड्यात. तिने होडीवर बोटांच्या पेरांनी टकटक केली होती आणि हसून म्हणाली होती, “बाबा असंच वाजवून बघतात मूर्ती. कुठे पोकळ राहिली ते आवाजावरून कळतं.” तेव्हा मला वाटलं होतं, आता हिला कळणार. तिला कळलं नाही. विमान आधीच पोकळ असतं.

पेणला उतरून मिनीडोर रिक्षा धरली. धक्क्यावर पोचलो तेव्हा चार वाजत होते आणि नेमका टँकर टाकीत रिकामा होऊन निघाला होता. मला बघून काळुराम धावतच आला. “काका! डोला कसा हाय? आता बायका नीट दिसतात का?” आणि स्वतःच हसला. मी त्याचा हात धरला. तो मला धरू द्यायला जरा संकोचला. हंडे ओळीने आले होते, पण बायका लांब, करंजाच्या सावलीत बसल्या होत्या. नमिता उतारावर होती ना. नवी मॅडम असताना हंडा पुढे करायचा नाही, एवढी रीत त्यांनी आपल्याआपण घालून घेतली होती. जनीने तिथूनच हात केला.

नमिता गुडघ्यांवर बसून कागदावर काहीतरी भरत होती. “अरे काका? तुम्ही कशाला आलात एवढं? फोनवर झालं की आपलं.”

“हो,” मी म्हणालो. “सहज.” आणि मग, जसं कुणी पाठीत ढकललं तसं म्हणालो, “मी ते धुणं बघितलं नव्हतं.”

ती थांबली. “कुठलं धुणं?”

“कुठलंच. मी आत बसायचो. नुसतं लिहायचो.”

तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे. काळुराम पाइप हातात घेऊन उभा होता. “म्हणजे धुतलं म्हणून यांनी तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही लिहिलंत? यांनी खोटं सांगितलं?”

इतक्या सोप्या वाटेने मी निघालो होतो आणि ती वाट कुठे जाते ते आता दिसलं. काळुराम माझ्याकडे बघत होता, रागाने नाही, मी काय बोलतो ते ऐकायला, जसं शाळेतल्या मास्तरांकडे बघतात. मी ‘हो’ म्हणालो असतो तरी तो काही बोलला नसता, हे मला तेव्हाही कळत होतं. “नाही,” मी म्हणालो. “मी बघितलं होतं. दर वेळी बघितलं. पाणी वस्तीतल्या बायका न्यायच्या. हा फडक्याने पुसायचा. आणि मी लिहायचो धुतलं म्हणून. त्याने सांगितलं ते ऐकून नाही. बघून लिहिलं.”

“किती वेळा?”

“तीनशे सात.”

ती उठली, पेटीतून एक बारीक टोच्या काढला, आणि पुढचा पाय होडीला जिथे जोडला होता तिथे रंगावर तो टेकवला. दाबलासुद्धा नाही. टोच्या आत गेला, खोबऱ्याच्या वडीत जावा तसा. रंगाची खपली सुटली आणि आतून पांढरी भुकटी सांडली. काळुराम पुढे झाला. त्याने बोटावर भुकटी घेतली, जिभेला लावली, पुन्हा लावली. त्याचा चेहरा गोंधळला. “हे मीठ नाय,” तो म्हणाला.

“नाही,” नमिता म्हणाली. “हे विमान आहे.”

त्याला ते कळायला वेळ लागला. मला वाटतं, त्याला पूर्ण कळलंच नाही. ज्या माणसाने पन्नास वर्षं पाण्यातून मीठ वर येताना बघितलं, त्याला ते आत जातं, आत राहून धातू खातं, आणि बाहेरून सगळं गोरं दिसत राहतं, हे कसं खरं वाटावं? तो पुन्हा पुन्हा बोट पुसत होता. “पन दिसलं असतं, मॅडम,” तो म्हणाला. “मला दिसलं असतं ना.” नमिता दुसऱ्या जोडाकडे गेली, तिसऱ्याकडे. ती उतारावरच खाली बसली आणि कपाळ गुडघ्यांवर टेकवलं. उद्या सकाळी ती त्यात बसणार होती. ती मला काही बोलली असती तर बरं झालं असतं.

मग अनयचा फोन झाला. तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. तिचं बोलणं ऐकू आलं. उड्डाण रद्द. मागचे दोन पाय कदाचित वाचतील, पंखाचं मूळ वाचेल, पण आतलं मीठ आजच्या आज निघालं पाहिजे. नाही निघालं तर सगळंच भंगारात. फोन ठेवून तिने टाकीकडे बघितलं आणि मग सावलीतल्या हंड्यांकडे. तिचीही मान खाली गेली. “काळुरामदादा,” ती म्हणाली, “सगळी टाकी लागेल.”

“आज पानी बायकांचं हाय, मॅडम,” काळुराम म्हणाला. मग त्यानेच विचार केला. तो विचार करताना त्याच्या कपाळावर मला दिसत होता. “हीच गेली तर टाकी पन जाईल. व्हय ना?”

“जाईल.”

“मग धुवूया,” तो म्हणाला, आणि पाइप नळाला लावायला गेला. मी बोलायला तोंड उघडलं. काय बोलणार होतो? निम्मं त्यांना द्या? निम्म्यात मीठ निघत नाही, हे पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं. मी तोंड मिटलं.

पाण्याची धार जोडांवर बसली. पहिल्यांदाच इतक्या जोरात. ती आत शिरायची, होडीच्या पोटाखालून वाहायची आणि उतारावरून खाडीत जायची. खारेपाटातलं हजार लिटर गोडं पाणी, खाडीत. बायका उठून आल्या. कुणी भांडलं नाही. पूजा एवढंच म्हणाली, “काय गो, सूनबाईचं लगीन हाय का आज?” आणि कुणीच हसलं नाही. त्या रिकामे हंडे काखेत धरून बघत राहिल्या. मी कंटेनरच्या पायरीवर बसलो होतो, वही मांडीवर. मला दुसरीकडे बघता आलं असतं. उलटायला समोर पान होतं.

जनी पुढे झाली. होडीखाली वाकली आणि जोडातून ठिबकणाऱ्या पाण्याखाली तिने हंडा लावला. भांडी घासायला तरी होईल असं काहीतरी पुटपुटली. मग हंडा तसाच ठेवून तिने दोन्ही हातांची ओंजळ केली, धारेखाली धरली, तोंडाला लावली. पाणी कोपरांवरून खाली गेलं. ती थुंकली.

“खारं हाय.”

“अजून मारा,” नमिता म्हणाली.

काळुराम मारत राहिला. जनी तिथेच उकिडवी बसली होती, जणू ते तिचं कामच. थोड्या वेळाने पुन्हा ओंजळ धरायची, पुन्हा थुंकायची. “हाय अजून.” नमिता तिच्या प्रत्येक शब्दावर मान हलवायची. टाकी वाजवून काळुराम बघत होता, वर पोकळ आवाज येत होता, मग मधे, मग खाली. पाइपने एकदा खोकल्यासारखं केलं, पाणी तुटलं, पुन्हा आलं, मग नुसती हवा. जनीने शेवटचे थेंब धरले. ते तिने तोंडात बराच वेळ धरून ठेवले.

“हाय,” ती म्हणाली. “जरासं हाय.”

बायका एकेक करून वळल्या. रिकामे हंडे न्यायला वेळ लागत नाही. जनी पदराला हात पुसत माझ्यापाशी आली, आणि रोजच्यासारखी, ओठांवर आलेलं बोलून गेली, “काका, उन्हातून आलाव, पानी दे...” आणि थांबली. तिने टाकीकडे बघितलं. मग मलाच काहीतरी वाटू नये म्हणून की काय, हसली. “बसा,” म्हणाली, आणि तो खाऱ्या पाण्याचा हंडा उचलून गेली.

काळुराम पाइप गुंडाळत होता. ओल्या हातांनी, सावकाश, वेटोळ्यावर वेटोळं. त्याच्या पांढऱ्या टाचा भिजून काळ्या दिसत होत्या. पाइप खुंटीला अडकवून तो माझ्यासमोर उभा राहिला. मी काही म्हणावं म्हणून थांबला असेल, असं मला वाटलं. “चूक माझी,” एवढंच म्हणायचं होतं मला, त्या दूरच्या माणसासारखं. पण त्याने ते वहीत लिहिलं होतं, तळ्याकाठी, एकट्याने. माणसासमोर म्हणायला तोही धजला असता का, कोण जाणे. मी पेनचं टोपण काढलं.

“लिवा, काका,” काळुराम म्हणाला. “धुतलं.”

मी वही उघडली. तारीख घातली. नवा डोळा पाणावला होता, तो पुसला. मग लिहिलं: गोड्या पाण्याने धुतले. खाली सही केली. लिहून झाल्यावर पान जरा लांब धरून बघितलं. वरच्या तीनशे सात नोंदी आणि ही एक. अक्षर तेच, शब्द तेच, सही तीच. उद्या कुणी ही वही वाचेल, त्याला यातली खरी कोणती ते ओळखता येणार नव्हतं.